गाजराच्या रानातली चोरटी

मेंढरांना पाण्याचा वास माणसाच्या आधी येतो. पडेगावपाशी दौलताबादचा रस्ता ओलांडला, तशी म्होरक्या मेंढीनं मान वर केली आणि पळतच सुटली. तिच्यामागं एकशे दहा जीव एका दमात उताराला लागले. पुतळाबाईनं काठी आडवी धरली, पण नावालाच. घाई तिलाही झाली होती. दोन दिवसांत कळपाच्या वाट्याला आलं होतं ते एका पुलाखालचं शेवाळलेलं डबकं. आता समोर तात्यासाहेबांची विहीर होती. लागोपाठ दुसरं साल कोरडं गेलं होतं. पिशोरकडच्या तिच्या गावात हंडाभर पाण्यासाठी बाया भांडत होत्या. पण या विहिरीनं अजून तळ दाखवला नव्हता.

बांधावर रामप्रसाद उभा होता, तात्यासाहेबांचा थोरला. वाळूजला कंपनीत जायचा, रानाकडं फिरकायचा तो सुट्टीच्या दिवशीच.

"मावशी, तिथंच थांबा. मेंढरं आत घालू नका."

"आरं, पाणी तर पिऊ दे लेकरांना. बसायचं मग बोलू."

"बसायचं आता कायमचं बंद. दसऱ्यानंतर तुमी हितं अठरा रात्री बसलात ना? तुमची मेंढरं गेली अन् मागं गाजरगवत ठेवून गेली."

पुतळाबाईचा दीर सांडू मागून धापा टाकत आला होता. तो काही बोलणार, तोच तिनं त्याला हातानं थांबवलं. साठी ओलांडलेली बाई. उन्हानं वाळलेली, पण काठीसारखी सरळ. गेली बावीस वर्षं ती याच रानात मेंढरं बसवत होती. रात्री सुताच्या जाळ्याचं, म्हणजे वाघरीचं कुंपण करायचं, त्यात कळप कोंडायचा, सकाळी जाळं उचलून एक चौक पुढं सरकवायचं. लेंडी-मूत जमिनीला, पाणी मेंढरांना. बापानं घातलेली ही रीत, तिच्यात कधी कागद आला नाही.

"संध्याकाळी पारावर सगळे शेतकरी बसणार हायेत," रामप्रसाद म्हणाला. "पडेगावच्या शिवारात मेंढरं बसवायची नाय, असं ठरणार. अन् हे रान तर मी आज तीन वाजता मोडतोय. रोटाव्हेटर सांगितलाय."

"गाजराचं रान मोडतोस?"

"मोडतो. एका एका गाजरामागं एक गवत हाय. ओळखायचं कुणाला? फुलं येईस्तोवर दोन्ही सारखीच."

एवढ्यात विहिरीकडून तात्यासाहेब आले. गुडघा दुखरा, पण आवाजाला अजून गंज नव्हता. "रामप्रसाद, मुक्या जनावराला दारातून तहानलेलं लावून द्यायचं पाप मला नको. एक बार पाजू दे." मग पुतळाबाईकडं न बघता म्हणाले, "पुढचं संध्याकाळी. पंचांपुढं मला एकट्याचं इमान चालवता येणार नाय, बाई."

मेंढरं हौदाला भिडली. पुतळाबाई मात्र त्यांच्याकडं बघत नव्हती. जेठातला पाऊस लागेपर्यंत अजून पाच महिने होते. पडेगाव मिटलं तर पुढं मिटमिटा मिटंल, दौलताबाद मिटंल. खबर मेंढरापेक्षा लवकर पोचते. मग एकशे दहाची पन्नास राहतील, पन्नासाची पंधरा, आणि शेवटची पंधरा कसायाच्या टेम्पोत चढवताना तिलाच हात लावावा लागेल. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

"आमचं मेंढरू गाजरगवताला तोंड लावत नाय," सांडू म्हणाला. "कडू असतंय ते. पोटातच नाय गेलं तर लेंडीतून कुठून येईल?"

"लोकरीला बी चिकटतं, काका. खुरात बसतं. मोबाईलवर वाचलंय मी."

सांडूनं पुतळाबाईकडं पाहिलं. रामप्रसाद म्हणत होता ते खोटं नव्हतं. लोकरीत काय काय अडकतं, ते कात्री चालवणाऱ्या हातांना ठाऊक असतं. तिच्या मनात पाल चुकचुकली: खरंच आपलंच असलं तर?

"मला रान बघू दे," ती म्हणाली.

"बघा की. बघायला काय जातंय? रोटाव्हेटर यायला पाच तास हायेत."

रान वीस गुंठ्यांचं. रामप्रसादच्या बायकोनं, दिपालीनं, विहिरीचं उरलंसुरलं पाणी पाजून जगवलेलं ते या सालचं एकुलतं एक पीक. सहा आठवड्यांची गाजरं वाऱ्यावर झुलत होती. आजूबाजूला जिकडं बघावं तिकडं भुईचा रंग विटलेल्या घोंगडीचा, मध्येच आखलेल्या प्लॉटांचे दगड, आणि रस्त्याला लागून तीन मजल्यांचा एक अर्धवट सांगाडा. या उजाड पसाऱ्यात हे वीस गुंठे हिरवं म्हणजे कुणीतरी विसरून गेलेला शालू.

दिपाली बांधावर बसली होती. डोळे लाल.

"माय," ती पुतळाबाईला म्हणाली, "खुरपायला बाया लावल्या होत्या. पैल्याच सरीत त्यांनी निम्मी गाजरंच उपटली अन् गवत ठेवलं. त्यांचा तरी काय दोष? कृषी केंद्रवाल्याला फोटो पाठवला, तर तो म्हणतो, यात गाजरगवत हाय. कुठलं पान, ते त्यालाबी सांगता येईना."

"फोटूला हात लावता येत नाय, पोरी."

पुतळाबाईनं चपला काढल्या, पदर खोचला आणि सरीत उकिडवी बसली. लोक गाजरगवताला ओळखतात ते त्याच्या लग्नाच्या दिवशी. अंगभर पांढरी फुलं माळून, छातीएवढं वाढून ते रस्त्याकडेला उभं राहिलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. पण मेंढक्याला ते पाळण्यातच ओळखावं लागतं. मेंढरू काही फुलाची वाट बघत नाही.

तिनं डोळे मिटले. तळवा पालथा करून हिरव्यावरून अलगद फिरवला, जसा कोकराच्या पाठीवरून फिरवतात. गाजराची पानं बोटांतून सुळकन निघून जात होती, रेशमाच्या सुट्या धाग्यांसारखी. एक हात, दोन हात, तीन हात. मग बोटं अडकली. खाली, पार भुईजवळ.

"ही बघ, चोरटी."

दिपाली वाकली. "हे तर गाजरच."

"नीट बघ. गाजराची पानं मधल्या शेंड्यातून वर उठत्यात. लांब दांडा, उभं अंग. अन् ही? भुईवर ताटलीसारखी पसरलीय. शेजारणीवर पाय देऊन बसलीय. आता पान बघ. गाजराचं पान चिरत चिरत पार सुतासारखं झालेलं. हिचंबी कातरलेलं, पण कातरणारी आळशी. पाकळी रुंद राहिलीय. रंग फिका, राख मिसळल्यागत. बोट फिरव."

"खरखर लागतंय. बारीक लव हाय."

"दोन्ही बाजूंनी. गाजराच्या पानावर अशी नाय. लई चोळू नको, हात खाजंल. पदर गुंडाळ बोटाला. आता मुळापासून उपट."

दिपालीनं उपटलं. पांढरीफटक मुळी, बाजूला केसांसारख्या फुटव्या. शेजारचं गाजर उपटलं, तर त्याच्या करंगळीएवढ्या मुळीवर लाली चढायला लागलेली, आणि पान चुरगळताच ओळखीचा गोड वास. दुसऱ्याला उग्र, कडवट.

दिपाली एका हातात हे, एका हातात ते धरून बसली. तिच्या तोंडावर हळूहळू जे उमटलं ते बघून पुतळाबाईला हसू आलं. "आगं, अशी काय बघतीस? जुळ्यातलं आपलं कोणतं, ते आईलाच कळायचं."

बाभळीखाली खुरपणाऱ्या बायका भाकरीचं फडकं सोडून बसल्या होत्या. त्यांची म्होरकी वच्छलाबाई, हाडानं दणकट आणि जिभेनं त्याहून. ती पदर झटकत आली. "काय गं पुतळे, गवताचं तोंड वाचतीस व्हय? मला तीस वर्षांत नवरा वळखू आला नाय, हे काय यायचंय!"

"नवऱ्याला काय लव असती का पानावर?"

बायका खिदळल्या. पुतळाबाईनं एकेकीचा हात धरून त्या ताटलीवर ठेवला. पण सहा जणी, सहा हात. एकीला उमगलं की दुसरी विसरे. तेव्हा तिनं खुरपणीच्या चालीवर गळा लावला. असं गाणं लिहून ठेवलेलं नसतं, काम करता करता जुळतं:

गाजराची गं लेक, उभी राहते वाऱ्याला
चोरटीची गं लेक, मिठी मारते भुईला

गाजराचं गं पान, जशी रेशमाची लड
चोरटीचं गं पान, लव ल्यालेलं जाड

वच्छलाबाईनं दुसऱ्या फेरीलाच ओळ उचलली आणि तिसरी स्वतःच्या पदरची जोडली:

उपटून बघा बाई, मुळी सांगते गं कूळ
गाजराला चढे लाली, चोरटीचं पांढरं मूळ

"आता घ्या खुरपी," दिपाली उठलीच. "एक ठेवायची नाय!"

"थांब." पुतळाबाई उभी राहिली होती. कमरेवर हात, डोळे बारीक. गाण्याच्या नादात बायका पानं चाचपत सरीसरीनं पुढं सरकल्या होत्या, आणि तिला एक गोष्ट दिसली होती. काही जणी पुढं निघून गेल्या होत्या; त्यांच्या वाटेत चोरटी जवळजवळ नव्हतीच. रस्त्याकडच्या कोपऱ्यात मात्र दोघी जणी खुंटा मारल्यागत जागच्या जागी अडकल्या होत्या.

तो कोपरा.

"उपटू नका! कुणी एक पानबी उपटू नका. दिपाली, ते प्लॉट आखायला पांढरी फक्की टाकत्यात, तिचं पोतं तुमच्या शेडात पडलं होतं ना?"

"हाय की, अर्धं हाय."

"आण. अन् मला सांग, रोटाव्हेटर यायला किती वेळ राहिला?"

"साडेतीन तास."

त्या साडेतीन तासांत पडेगावच्या रानात एक न पाहिलेली खुरपणी झाली. सात बायका वाकून चालल्या होत्या आणि कुणी काही काढत नव्हतं. ओटीत फक्की. भुईला चिकटलेली ताटली दिसली की तिच्या मधोमध चिमूटभर. जिला अजून फूल यायचं होतं, तिच्या डोक्यावर तिचीच पांढरी खूण आधी ठेवायची. चुकून गाजरावर पडली की वच्छलाबाई ओरडायची, "आगं ए, चोरटीचं कुंकू घरच्या लेकीला लावतीस काय!" गाणं कधी या टोकाला, कधी त्या टोकाला. रस्त्यावरचे डंपरवाले वेग कमी करून बघून जात होते.

रोटाव्हेटरवाला पंधरा मिनिटं आधीच आला. ट्रॅक्टर बांधाला लावून म्हणाला, "भाऊ, हे रान मोडायचंय का ह्याचं लगीन लावायचंय?"

रामप्रसाद वैतागून सरीत शिरला. "मावशी, बस झालं. ओळखलं, मान्य. पण ओळखलं म्हणजे चोर सुटत नाय."

"सोडायला कोण म्हणतंय? चोर कुठून आला, ते बघायला वर चल." तिनं काठीनं रस्त्याकडेच्या सांगाड्याकडं दाखवलं. "तात्यासाहेब, तुमीबी. गुडघ्याला दमानं घ्या."

सांगाड्याचा वॉचमन म्हातारा होता. त्यानं दोन्ही हात पसरले. "अम्मा, ऊपर नक्को जाओ, कठडा नै है!"

"बाबा, डोंगराला तरी कुठं कठडा असतो? मी मेंढरामागं तिथंच वाढले."

ती पुढं, मागं रामप्रसाद, दिपाली, वच्छलाबाई, आणि प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत तात्यासाहेब. तिसऱ्या मजल्याच्या स्लॅबवर पोचले तेव्हा ऊन कललं होतं, आणि खाली सगळं रान एका नजरेत मावत होतं.



हिरव्यात हिरवं होतं. फिक्या गाजरांमध्ये गडद गाजरांचे चौक पडले होते, एकाला एक लागून, गोधडीच्या ठिगळांसारखे. जिथं जिथं रात्री वाघर लागली होती, तिथं लेंडीनं पीक काळंभोर केलं होतं.

"मोज," पुतळाबाई रामप्रसादला म्हणाली.

त्यानं मोजले. बोट हवेत फिरत होतं, ओठ हलत होते. "अठरा."

"अठरा रात्री. म्हणजे माझी मेंढरं कुठं बसली, त्याची साक्ष तुझीच गाजरं देतायत. आता पांढरं बघ."

पांढरं बघायला बोट लागत नव्हतं. रस्त्याकडचा कोपरा दह्याचं मडकं फुटावं तसा पांढरा झाला होता. तिथून खाली सऱ्यांच्या वाटेनं पाण्यासारखे पांढरे ओघळ निघाले होते, पुढं पुढं विरळ होत गेलेले, आणि मधल्या-खालच्या चौकांपर्यंत पोचता पोचता संपलेले. पण त्या कोपऱ्यात, जिथून सगळं सुरू होत होतं, तिथं गडद चौक एकही नव्हता.

"त्या कोपऱ्यात मी वाघर लावलीच नाय," पुतळाबाई म्हणाली. "बावीस वर्षांत पैल्यांदा सोडला. रस्ता रुंद झाल्यापासून डंपरच्या उजेडाला मेंढरं बुजत्यात, जाळं तोडत्यात. जिथं माझं मेंढरू गेलंच नाय, तिथं माझ्या मेंढराच्या लोकरीतून बी कसं सांडलं?"



"अन् विहिरीच्या पाइपाचं तोंड कुठं हाय?" वच्छलाबाईनं विचारलं, जरी तिला माहीत होतं.

"त्याच कोपऱ्यात," दिपाली म्हणाली. "बी तिथंच पडलं, पाण्याबरोबर सऱ्यांनी खाली आलं."

"तिथं पडलं कसं पण?" तात्यासाहेबांनी मुलाकडं वळून पाहिलं. म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो चुकवता येत नव्हता. "तो कोपरा खोल होता. उन्हाळ्यात भरला. कुणी भरला रे?"



"मी," रामप्रसाद म्हणाला. "शहरात एका मोकळ्या प्लॉटवर पाया खणत होते. काळी माती फुकट मिळत होती. दोन डंपर आणले." तो थांबला. मग पुतळाबाईकडं वळला, आणि हे त्याला जड गेलं असणार, पण अर्धवट सोडलं नाही. "त्या प्लॉटवर छातीएवढं गाजरगवत उभं होतं, मावशी. पांढरंशुभ्र. मी डोळ्यानं बघितलं होतं. माती तेवढी बघितली."

वच्छलाबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू पदरात मावलं नाही.

पुतळाबाई हसली नाही. तिनं काठीचं टोक खाली एका चौकाकडं नेलं. "तिथं बघ, मधोमध. दोन पांढरे ठिपके, ओघळाच्या वाटेत नाय. अन् तिकडं एक. ते माझ्या मेंढरांचं असंल. मी नाय म्हणत नाय. तीन माझे. बाकीचं तुझं."

तात्यासाहेब मोठ्यानं हसले. इतक्या मोठ्यानं, की खाली ट्रॅक्टरवाल्यानं वर पाहिलं. "कबूल! तीन तुझे, बाकी तमाम आमचे!" आणि स्लॅबच्या कडेशी येऊन ओरडले, "ए बाबा, ट्रॅक्टर घरी ने! रान मोडायचं नाय!"

बायका रानात उतरल्या त्या थेट खुरपी घेऊनच. आता शोधायचं नव्हतंच. जिथं पांढरं तिथं खुरपं. फुलाच्या महिनाभर आधी, बी धरायच्या आधी, हाताला पिशव्या बांधून त्यांनी ती चोरटी मुळासकट काढली. रामप्रसाद पॅन्ट दुमडून कोपऱ्यात बसला होता, सगळ्यात दाट जागी, आणि कुणी त्याला तिथून उठ म्हणालं नाही.

संध्याकाळी पारावर शेतकरी जमले, ते ठराव करायच्या तयारीनं. तात्यासाहेबांनी रामप्रसादलाच उभं केलं. त्यानं दोन डंपरची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगितली. सांगून झाल्यावर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कारण गेल्या वर्षभरात शहरातली माती पुंडलिकनं आणली होती, बद्रीनाथनं आणली होती, आणि आणखी चौघांनी आणली होती. प्रत्येकाच्या डोळ्यापुढं आपापलं रान आलं.

"पुतळाबाई," पुंडलिक घसा खाकरून म्हणाला, "माझ्या कोथिंबिरीत मला जरा संशय हाय."

"तुझ्या कोथिंबिरीत? माझ्या अर्ध्या एकरात शेपू हाय, शेपू!" बद्रीनाथ उठलाच. "त्यात तर देवालाबी वळखू येणार नाय. बाई, आधी माझ्याकडं."

"मी आधी बोललो!"

"मेंढरं पण माझ्याच पडीकात बसू द्या, पाणी मी देतो."

"तुझ्या विहिरीला पाणी कुठंय? चार रात्री माझ्याकडं, तुझ्याकडं मग."

सकाळपर्यंत जिला शिवाराबाहेर काढायचं ठरलेलं होतं, तिच्यासाठी पडेगावचा पार भांडत होता. सांडूला खोकल्याची उबळ आली, निदान त्यानं तसं दाखवलं. पुतळाबाईनं पानाची चंची काढली, पान लावलं, सावकाश तोंडात टाकलं आणि भांडण चांगलं रंगू दिलं.

"रान मी सगळ्यांची बघीन," ती शेवटी म्हणाली. "पण एक अट हाय. बघायला गडी पाठवायचा नाय. ज्याचं रान, त्यानं स्वतः यायचं, अन् वाकायचं. कंबर दुखती म्हणंल, त्याचं रान शेवटी."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत पडेगावच्या लोकांनी एक मिरवणूक पाहिली. तात्यासाहेबांच्या हौदावर पाणी पिऊन एकशे दहा मेंढरं पुंडलिकच्या पडीकाकडं निघाली होती. त्यांच्या शेजारून, त्याच्याच कोथिंबिरीच्या रानातून, गावातले सात जमीनदार सरीसरीनं पुढं सरकत होते, ओणवे, टोप्या हातात, नाकं भुईला लागलेली, आणि एकमेकांना विचारत, "हिला लव हाय का रे? बघ बघ, हिला लव हाय का?"

त्या सगळ्यांच्या पुढं, काठी खांद्यावर टाकून, ताठ चालत होती ती एकटी पुतळाबाई.